डोहातली अंडी

५ डिसेंबर

आले बाई एकदाची! नाशिकहून नागपूर, नागपूरहून साकोली आणि साकोलीहून एकोडीच्या पुढे मच्छीमार संस्थेच्या टेम्पोतून. मागे बर्फाची रिकामी खोकी, पुढे धनराज, मी आणि मांडीवर माझा मायक्रोस्कोप. धनराज म्हणजे इथल्या मत्स्यबीज केंद्राचा चालक, राखणदार आणि जाळं टाकणारा, सगळं एकटाच. मी पेटी इतकी जपतेय हे बघून त्याने विचारलं, त्यात काही फुटणारं आहे का. म्हटलं, हो, माझी नोकरी आहे.

केंद्र तलावाच्या पाळीवरच आहे. मला राहायला दोन खोल्या, शेजारी प्रयोगशाळा, तिला चक्क एसी. (माझ्या खोलीला पंखा. औषधांची बडदास्त माणसांपेक्षा बरी.) तलाव एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. गावाकडची बाजू उथळ, तिथे बायका धुणं धुतात. जंगलाकडे पाणी काळं आणि खोल, त्याला सगळे डोह म्हणतात. सकाळी धुक्यात पाणकावळे बसलेले दिसले आणि निरंजनला ताबडतोब फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "स्वेटर घाल." नवरे असेच असतात.

काम मजेशीर आहे. इथे हिवाळ्यात सायप्रिनस माशाची अंडी काढतात. गेली काही वर्षं डोहातल्या माशांची अंडी फुटतच नाहीत, आणि गंमत म्हणजे नासतही नाहीत. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्याला बुरशी येते. ही आठवडेच्या आठवडे काचेसारखी स्वच्छ राहतात. असं का, ते मी शोधायचं.

१३ डिसेंबर

माझ्या जेवणाची सोय धनराजच्या आईकडे झाली आहे. रेवताबाई. अंगाने काटकुळ्या, बोलायला अखंड. पहिल्या दिवशी मला "मॅडम, तुमाले" म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी "बाई, तुले" वर आल्या. आज म्हणाल्या, "इतकूसाच भात खाऊन राहिली, कायले जगतं तं?" मी वाटीभर आणखी घेतला. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलं असेल असं वाटत नाही.

घरात त्यांची सून आहे, रंजू. पाचवा महिना असावा असं पोट. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली असते आणि हाक मारली की सावकाश मान वळवते. मी अभिनंदन केलं तर नुसती हसली. रेवताबाईंनी विषय बदलला.

२७ डिसेंबर

दोन रेघा आल्या. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली, म्हणून ठरवलं होतं की या वेळी आनंद करायचा नाही. सकाळपासून आनंदच करते आहे. निरंजन फोनवर म्हणाला परत ये. मी म्हटलं, तिथे राहून कुठे टिकली होती?

कुणाला सांगायचं नाही असं त्याला बजावलं, आणि संध्याकाळी माशाच्या वासाने रेवताबाईंच्या अंगणातच ओकले. मत्स्यशास्त्रात पीएचडी! त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "याच्या आंधी किती पडले?" रडूच आलं मला.

११ जानेवारी

आज पहिल्या चांगल्या स्लाइड्स झाल्या. जरा सविस्तर लिहिते, कारण खूश आहे.

माशाचं अंडं अगदी कोवळं असतं तेव्हा त्याच्या केंद्रकाशेजारी एक गोळा तयार होतो. हा गोळा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो, एकात एक गुंतलेल्या. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत असेच धागे साचले की आपण त्याला रोग म्हणतो. अंड्यात मात्र ते कामाचे आहेत. ते अंड्यातली सगळी सामग्री चिकटवून, आवळून, निपचित ठेवतात. वेळ येईपर्यंत काही हलायचं नाही, काही सुरू व्हायचं नाही. अंडं पिकलं की गोळा विरघळतो आणि मग आयुष्य सुरू होतं.

डोहातल्या माशांच्या अंड्यांत तो विरघळतच नाही. पिकलेल्या अंड्यात तो तसाच, उलट मोठा झालेला. काँगो रेड हा रंग घातला की लालभडक दिसतो. म्हणजे अंडं मेलेलंही नाही आणि वाढतही नाही, नुसतं थांबलंय! हे जगात कुणी पाहिलं नसेल. धनराजला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, बुंदी दिसते.

२५ जानेवारी

काल रक्त दिसलं.

साकोलीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पडून राहा म्हणाल्या. मागच्या दोन्ही वेळी हेच आणि असंच. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी रेवताबाई वाटी घेऊन आल्या. हळद-मिठात शिजवलेली माशाची अंडी. यांच्या घराण्यात चाल आहे म्हणे, जिचं पोट टिकत नाही तिला हिवाळ्यात डोहातल्या माशाची अंडी द्यायची, सासूने आपल्या हाताने भरवायची. तुझी सासू इथे नाही, तर मीच, म्हणाल्या. मी तोंड उघडलं. प्रथिनंच आहेत, म्हटलं, वाईट काय होणार.

रात्री रक्त थांबलं.

१४ फेब्रुवारी

तिसरा महिना उलटला! या पलीकडे मी कधी आलेच नव्हते. निरंजन फोनवर रडला आणि सर्दी झालीय म्हणाला. मळमळही गेली. रेवताबाई रोज वाटी आणतात आणि मी रोज संपवते. त्या म्हणतात आता पुरे, एकदा खाल्लं तरी होते. मीच मागते. जे लागू पडलंय ते कशाला सोडायचं?

७ मार्च

सोनोग्राफी. ठोके आहेत, जीव भांड्यात पडला. पण बाळ फार लहान दिसतंय, जानेवारीतल्या सोनोग्राफीत होतं तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तारखा चुकल्या असतील. मी तारखा चुकणारी बाई नाही. तरी मान हलवली. ठोकेही सावकाश आहेत. त्यांनी यंत्र दोनदा बंद करून सुरू केलं.

परत आल्यावर रेवताबाईंना सहज विचारलं की रंजूला कितवा चालू आहे. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मला येऊन तीन महिने झाले, आणि रंजूचं पोट आहे तेवढंच आहे.

३० मार्च

ऊन तापायला लागलं. आज डोहाच्या बाजूला नमुने घ्यायला गेले तर झाडांच्या सावलीत रंजू पाण्यात बसलेली. गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. मला वाटलं बुडतेय, मी ओरडत धावले. धनराज काठावरच होता. तो म्हणाला, उन्हाळाभर ती अशीच बसते, सकाळी आणतो, उतरत्या उन्हाला नेतो. तिला गरमी सोसत नाही. तिच्या पोटात काहीतरी फिरल्यासारखं होतं म्हणे.

उन्हाळाभर म्हणजे? मी विचारलं, मागच्या उन्हाळ्यातही?

"हा चौथा उन्हाळा आहे, मॅडम," तो म्हणाला. शरमल्यासारखा पाण्याकडे बघत होता. रंजूची दोन मुलं आधी पडली होती. मग आईने अंडी भरवली. नागपूरला दाखवलं, तिथे काढून टाका म्हणाले. ठोके चालू असताना कसं काढायचं, म्हणून घरी घेऊन आले.

घरी आले आणि दार लावून बसले. हात पोटावर होता, तो काढवेना.

१० एप्रिल

मीच मूर्ख. स्लाइडवर बघते, वाहवा करते आणि तीच अंडी वाटीवाटीने खाते.

दुसरं काही असूच शकत नाही. त्या धाग्यांचा स्वभावच तसा, साधं प्रथिन शेजारी आलं की त्यालाही आपल्यासारखं करून टाकतात. शिजवल्याने मोडत नाहीत. माझ्यात गेले. बाळात गेले. तिथे सगळं आवळून, चिकटवून बसलेत.

रेवताबाईंना जाऊन बोलले, नको नको ते बोलले. त्या रागावल्या नाहीत. गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले टिकवाचं होतं न, बाई? टिकलं न मंग. पडलं तं नाही न?"



२३ एप्रिल

सकाळपासून लाइट नव्हती. प्रयोगशाळा भट्टी झालेली. जानेवारीतल्या अंड्यांचा ट्रे टेबलावर होता, तीन महिने काच झालेली अंडी. दुपारी बघते तर हलतायत. डोळ्यांदेखत पेशी विभागत गेल्या, शेपट्या आल्या, कवचं फुटली. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, एकटीच. धागे मोडत नाहीत, पण उष्णतेने सुटे होतात आणि गोळा विरघळतो!

मग ती वाढायला लागली. थांबली होती ते सगळे दिवस एकदम वसूल करायला निघाल्यासारखी. ट्रेमध्ये खायला काहीच नव्हतं, ती एकमेकांना खात होती. ऊन उतरेपर्यंत बोटाएवढे मासे, खवले आलेले, मोजकेच, बाकीच्यांचं काही शिल्लक नाही. मग तेही पोट वर करून उलटे तरंगले. मोजून पाहिले. तीन महिन्यांचा मासा असावा तेवढेच. म्हणजे चुकलेलं भरून काढलं आणि थांबले.

वाढायला काहीतरी लागतंच. ते कुठून तरी येतं. हे रंजूला सांगायला हवं. स्वतःलाही.

प्रयोगशाळेत पलंग टाकून घेतला. एसी अठरावर. स्वेटर घालून बसते.

५ मे

निरंजन येऊन गेला. गारेगार गाडी करून मला नागपूरला नेलं. मोठे डॉक्टर, मोठं यंत्र. ठोके आहेत, वाढ नाही, असं त्यांनी पाहिलेलं नाही, काढून टाका. धाग्यांचं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता निरंजनकडे बघायला लागले.

भांडलो. तो म्हणाला तू त्या गावातल्या बायकांसारखी बोलायला लागलीस. मी म्हटलं, माझी दोन गेली, हे जिवंत आहे, मी सही करणार नाही. तो रडत गेला. चिडूनच गेला. मी परत या खोलीत.

थांबलेलं असलं तरी ते आहे. ते आहे ना.

१९ मे

काल.

उन्हाळी धानासाठी तलावाचं पाणी सोडलंय. डोहात गुडघाभर उरलं, तेही कोमट. रंजू तरी तिथेच बसली होती. धनराज साकोलीला बर्फ आणायला गेलेला.

दुपारी ती ओरडली. आनंदाने ओरडली. "हाललं वो माय, हाललं!" पाळीपर्यंत ऐकू आलं. बायकांनी तिला उचलून घरात नेलं. मी ओली चादर गुंडाळून पोचले तोपर्यंत —

तीन वर्षं होती तिच्या पोटात. ती तीन वर्षं एकदम आली.

मुलगा. खांद्यापर्यंत केस, सगळे दात. श्वास नव्हता. रंजूवर साडी नुसती पसरल्यासारखी पडली होती, खाली काही आहे असं वाटतच नव्हतं. हाडं आणि कातडी. सकाळी भरलेली बाई होती. मी बघितलं होतं.

रेवताबाई मुलाचे केस विंचरत बसल्या होत्या. कुणाला हात लावू देईनात.

२१ मे

शांत डोक्याने लिहायचं.

माझं जानेवारीअखेरीस थांबलं. चार महिने थांबलेलं आहे. तीन वर्षं नाही. आज उन्हात बसून सोडलं तर चार महिन्यांचंच वाढेल, म्हणजे सातव्यातलं मूल. सातव्यातली मुलं जगतात. पण राहू दिलं तर उद्या एक दिवस जास्त, पावसाळ्यात आणखी, पुढच्या उन्हाळ्यात मी रंजू. धरून ठेवणं हेच मारणं आहे.

ट्रेमधले मासे तीन महिन्यांवर थांबले होते. तेच धरून चालायचं.

आधी खायचं. भरपूर. त्याने माझ्यातून घ्यायच्या आत माझ्यात असायला हवं.

२३ मे

भात, वरण, तूप, गूळ, कोंबडीची अंडी, शेंगदाणे. पुन्हा भात. रेवताबाई रांधून देतात, बोलत नाहीत. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं बंद पाहते आहे. आज फक्त विचारलं, सोडून राहिली का? मी हो म्हटलं. ताटात आणखी तूप वाढलं.

निरंजनला फोन केला. ये म्हटलं, अँब्युलन्स घेऊन ये, सातव्या महिन्याच्या बाळाची सोय असलेली. त्याने काही न विचारता हो म्हटलं. परवा पोचतो.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. पहाटे वादळात खांब पडले, लाइट नाही. ती आज येणार नाही म्हणे. खोली तापत चाललीय.

धनराज बर्फाच्या लाद्या घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, "मॅडम, यात बसून राहा. रंजूसाठी मी येळेवर बर्फ नाही आणू शकलो." त्याच्यासाठी तरी बर्फ घ्यावा असं वाटलं.

नाही. निरंजन आला की मला धीर होणार नाही. तो बर्फच लावेल आणि मी लावू देईन. आत्ताच. धनराजला म्हटलं, लाद्या अंगणात उन्हात टाक आणि पाळीवर जा, अँब्युलन्स दिसली की आत आण.

माझ्या खोलीपुढच्या ओसरीवर उन्हात बसले आहे. नोंदी ठेवणार. सवयच ती.

—

घाम. मांड्यांत गोळे येतायत. पोटात ऊब पसरतेय, दुखत नाही.

हललं!

अगं बाई, हललं. खरंच हललं. आत कुणीतरी कुशीवर वळलं. किती वाट पाहिली मी याची. रडते आहे, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

—

पोट दिसायला लागलं. हात ठेवला की वर येतंय. पाचवा असेल. भूक, भयंकर भूक. गुळाची ढेप शेजारीच आहे, खातेय, लिहितेय.

—

सहावा. लाथ मारली. शाब्बास! ढेप संपली.

बांगड्या सैल झाल्यात. असू दे. एवढं चालेल.

—

सातवा झाला. मोजपट्टीने बघितलं, सातवा. बस्स. झालं, बाळा. भरून झालं तुझं. आता थांबायचं.

—

बांगडी कोपरापर्यंत — नाही, निघाली. हातातून निघून पडली.

मोजपट्टी पुरत नाही.

ट्रेमधले मासे थांबले नव्हते — खायला काही उरलं नव्हतं म्हणून — मेले म्हणून ते — मी मोजलं ते मेल्यावर —

—

दात. आतून —

बाळा पुरे

पेन जड — बोटं नुसती हाडं — लाद्या अंगणात — अजून अर्धी — इथून चार पावलं —

पाय नाही उचलत. धनराज — हाक निघेना — कुणीतरी बर्फ — पोटावर बर्फ — धनराज, ब